ओपनबीएसडी पेपरात कधी येते आणि का येते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमची बातमी वर्ष-दोन वर्षांतून एकदा उगवते. सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्या मंडळींत एकच लिंक पाच जण एकमेकांना धाडतात, आणि दर वेळी तेच प्रश्न नव्याने सुरू होतात. मी वैतागून उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. क्रम काळाचा नाही, जे जास्त वेळा विचारलं जातं ते आधी.

ओपनबीएसडी म्हणजे लिनक्सचाच एखादा प्रकार ना?

नाही. दोघींचं नातं शेजारणींचं आहे, भावकीचं नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात वाढलेल्या बीएसडी युनिक्सच्या घराण्यातली ही ऑपरेटिंग सिस्टीम. त्याच घराण्यातली नेटबीएसडी १९९३ साली ज्यांनी सुरू केली त्यांत थिओ दे राट हा दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला, कॅनडात वाढलेला प्रोग्रामर होता. डिसेंबर १९९४ मध्ये सहकाऱ्यांनी त्याला मुख्य गटातून बाहेर काढलं. तक्रार त्याच्या कोडबद्दल नव्हती, तोंडाबद्दल होती. ऑक्टोबर १९९५ मध्ये त्याने त्याच कोडमधून वेगळी चूल मांडली. तेव्हापासून कॅनडातल्या कॅलगरी शहरातून हे काम चालतं आणि दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते. मालक म्हणून कुठलीही कंपनी नाही.

नावातल्या 'ओपन'चा एक जुना अर्थ आता कुणाला आठवत नाही. त्या काळी मुक्तस्रोत प्रकल्पांचं सोर्सकोडसुद्धा अधूनमधून गठ्ठ्याने बाहेर यायचं, आत रोज काय बदलतंय ते आतल्यांनाच दिसे. ओपनबीएसडीने बदलांची सगळी वही पहिल्यापासून वाचायला खुली ठेवली. आज हे इतकं नेहमीचं झालंय की त्यात नवल ते काय, असं वाटतं.

बोधचिन्हावर फुगलेला काटेरी मासा आहे, नाव पफी. सिंधुदुर्गातले मच्छीमार ज्याच्या नावाने बोटं मोडतात त्या केंड माशाच्या जातीतला.

मी ती कधी वापरली नाही, वापरणारही नाही. मग तिच्या बातम्या मी कशाला वाचू?

तुम्ही ती वापरत नसाल, पण तिच्या घरातल्या वस्तू रोज वापरताय. दूरच्या सर्व्हरवर लॉगइन करायला जगभर जो ओपनएसएसएच चालतो तो या मंडळींचा. तो पहिल्यांदा आला १ डिसेंबर १९९९ रोजी, ओपनबीएसडी २.६ सोबत. आज तो लिनक्सवर आहे, मॅकवर आहे, २०१८ पासून विंडोज १० मध्येही आयता येतो. हिंजवडीत काय किंवा बंगळुरात काय, सर्व्हरशी संबंध असलेला इंजिनियर दिवसातून दहा वेळा एसएसएच टाईप करतो आणि ते कुठून आलं हे त्याला ठाऊक नसतं. अँड्रॉइडच्या सी लायब्ररीत, म्हणजे सगळे प्रोग्राम वापरतात त्या मूळ फंक्शनांच्या संचात, ओपनबीएसडीचं बरंच कोड आहे. पासवर्ड साठवण्याची बीक्रिप्ट पद्धत इथलीच.

म्हणून 'ओपनबीएसडीत त्रुटी' अशा बातमीपेक्षा 'ओपनएसएसएचमध्ये त्रुटी' ही बातमी हजार पटींनी जास्त लोकांच्या कामाची असते. वार्ताहर या दोघांची गल्लत सर्रास करतात, त्याकडे पुढे येतो.

'फक्त दोनच भोकं' हे घोषवाक्य खरं आहे का?

खरं आहे, पण ते वकिलाने लिहिल्यासारखं वाचायला हवं. मूळ वाक्याचा आशय असा: नुसती बसवल्यावर जशी असते तशा सिस्टीममध्ये, दुरून शिरता येईल अशी, प्रदीर्घ काळात फक्त दोन भोकं सापडली.

'नुसती बसवल्यावर जशी असते तशी' हा त्यातला सगळ्यात वजनदार भाग. ओपनबीएसडी बसवली की बहुतेक सेवा बंद असतात. वेबसर्व्हर आतच मिळतो, पण तो तुम्ही स्वतः चालू करायचा. जे चालूच नाही त्यातली चूक या मोजणीत धरत नाहीत. जून २००२ मध्ये अपाची वेबसर्व्हरमधली एक चूक वापरून खास ओपनबीएसडीवर चालणारं हल्ल्याचं कोड जाहीर झालं होतं. त्याने खूप धुरळा उडाला, पण मोजणीवर परिणाम शून्य, कारण अपाची मुळात बंद असायचा.

दुसरी अट 'दुरून'. मशीनवर आधीच खातं असलेल्या माणसाने आतल्या आत रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होणं यात येत नाही. अशा चुका ओपनबीएसडीत अनेकदा सापडल्या आहेत आणि दुरुस्तही झाल्या आहेत.

टीकाकार म्हणतात, दुकान बंद ठेवलं तर चोरी होणारच नाही, त्यात फुशारकी कसली? हा आक्षेप मला अर्धाच पटतो. १९९० च्या दशकात इतर युनिक्स बसवल्या की डझनभर सेवा आपोआप सुरू व्हायच्या, आणि त्या चालू आहेत हे मालकाला कळायचं हल्ला झाल्यावर. दारं आधी बंद आणि मग गरजेपुरती उघडी, हा क्रम आज सगळ्यांनी उचलला आहे. तरीही जाहिरात म्हणून ते वाक्य आकर्षक आहे आणि बातमीदाराला ते आयतं मिळतं, हेही खरंच.

ती दोन भोकं कोणती?

पहिलं जून २००२ मधलं, ओपनएसएसएचमध्ये. तोपर्यंत घोषवाक्य 'पाच वर्षांत एकही नाही' असं होतं. मार्क डाउड या संशोधकाला लॉगइनच्या वेळी होणाऱ्या प्रश्नोत्तराच्या कोडमध्ये चूक सापडली. पुढचं नाट्य जास्त गाजलं. दे राटने जगाला सांगितलं की लगेच नव्या आवृत्तीवर या आणि त्यातली अधिकार विभागून चालण्याची सोय सुरू करा, पण कारण आत्ता सांगणार नाही. म्हणजे दुखणं न सांगता औषध घ्या. लोक चिडले. ही धमकी आहे की सल्ला, यावर काही दिवस नुसता कल्ला. मग तपशील बाहेर आला आणि कळलं की ती सोय चालू असेल तर भोक असूनही चोराच्या हाती फारसं काही लागत नव्हतं. घोषवाक्य बदललं: 'जवळजवळ सहा वर्षांत एक.'

दुसरं मार्च २००७ मधलं. कोअर सिक्युरिटीच्या आल्फ्रेडो ओर्तेगा याला आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) पाकिटं हाताळणाऱ्या कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, कोडमध्ये ते सापडलं. ओपनबीएसडीवाल्यांनी सुरुवातीला याला 'स्थैर्याची दुरुस्ती' म्हटलं, म्हणजे फार तर मशीन कोसळेल, ताबा घेता येणार नाही. ओर्तेगाने ताबा घेता येतो हे चालवून दाखवलं. मग दुरुस्तीच्या नोंदीवरचं लेबल बदललं आणि घोषवाक्यही. माझ्या मते ओपनबीएसडीच्या इतिहासातला हा सगळ्यात अडचणीचा आठवडा. भोकापेक्षा त्यांनी आधी चिकटवलेलं लेबल जास्त टोचलं.

२०२० मध्ये त्यांच्याच मेलसर्व्हरमध्ये भयानक त्रुटी निघाली होती. ती का मोजली नाही? ही लबाडी नव्हे का?

क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी जानेवारी २०२० मध्ये ओपनएसएमटीपीडी या मेलसर्व्हरमधली चूक जाहीर केली. पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या जागी कमांड लिहून ईमेल पाठवायची आणि ती रूट म्हणून चालायची. इतकी सोपी की वाचताना अंगावर काटा यावा. मे २०१८ पासून ती कोडमध्ये बसलेली होती.

हा मेलसर्व्हर ओपनबीएसडीत मुळापासून चालू असतो, पण फक्त त्याच मशीनवरून आलेली पत्रं घेतो. बाहेरून पत्रं घ्यायला मालकाने सेटिंग बदलावं लागतं. घोषवाक्याच्या व्याख्येत ते बसत नाही, म्हणून आकडा दोनच राहिला. नियमाने बरोबर. पण स्वतःचा मेलसर्व्हर चालवणाऱ्या माणसाला त्या रात्री नियमाचं काय कौतुक असणार?

अमेरिकी लष्कराचे पैसे बंद झाले ती भानगड काय होती?

ओपनबीएसडी मुख्य प्रवाहाच्या वर्तमानपत्रांत सगळ्यात ठळक आली ती याच प्रकरणात, म्हणून जरा सविस्तर.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याची संशोधन संस्था दार्पा हिने मुक्तस्रोत सॉफ्टवेअर अधिक सुरक्षित करण्यासाठी सुमारे २३ लाख डॉलरचं अनुदान दिलं होतं. पैसा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठामार्फत यायचा आणि त्यातला वाटा ओपनबीएसडीच्या कामाला मिळायचा. गंमत बघा. अमेरिकेचे गुप्तलेखनाच्या निर्यातीचे कायदे आडवे येऊ नयेत म्हणून हा प्रकल्प मुद्दाम कॅनडातून चालायचा, आणि पैसा अमेरिकी लष्कराचा.

मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला. एप्रिलमध्ये दे राटने कॅनडाच्या 'द ग्लोब अँड मेल' या वर्तमानपत्राला मुलाखत दिली. लष्कराचा पैसा घेताना कसं वाटतं, या अंगाने विषय निघाला. तो म्हणाला की आपल्याला अस्वस्थ वाटतं, पण मनाची समजूत अशी घालतो की आपल्याकडे आलेल्या या पैशामुळे अर्धं क्रूझ क्षेपणास्त्र तरी कमी बनेल. थोड्याच दिवसांत निधी थांबवल्याचा निरोप आला. ऐन मे महिन्यात कॅलगरीत जगभरचे डेव्हलपर जमणार होते, त्यांच्या राहण्याचा खर्च याच पैशातून व्हायचा होता. दे राटचं म्हणणं, मुलाखतच नडली. दार्पाकडून आलेली भाषा बदललेल्या जागतिक परिस्थितीची आणि फेरविचाराची होती.

मेळावा रद्द झाला नाही. वापरणाऱ्यांनी वर्गणी काढली आणि माणसं जमली.

या बातमीचं वार्तांकन वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्या पैशातून नेमकं काय काम झालं, हे जवळपास कुठेच आलं नाही. सगळी जागा क्षेपणास्त्राच्या वाक्याने खाल्ली. बातमीदाराला दोष देत नाही, मीही तेच वाक्य वर काढलं असतं.

एफबीआयने मागचा दरवाजा ठेवल्याचं सिद्ध झालं ना?

नाही झालं. १४ डिसेंबर २०१० रोजी दे राटने त्याला खाजगीत आलेलं एक ईमेल स्वतःहून जगजाहीर केलं. पाठवणाऱ्याचा दावा होता की दहा वर्षांपूर्वी एफबीआयने काही डेव्हलपरांना पैसे देऊन ओपनबीएसडीच्या आयपीसेकमध्ये, म्हणजे नेटवर्कवरची वाहतूक सांकेतिक करणाऱ्या भागात, चोरवाटा घालून घेतल्या. ज्यांच्याकडे बोट दाखवलं त्यांनी इन्कार केला.

दे राटसमोर दोन वाटा होत्या. गुपचूप कोड तपासायचं, किंवा आधी सगळ्यांना सांगायचं आणि मग तपासायचं. त्याने दुसरी धरली. पत्रकारांनी अर्थातच 'एफबीआयची चोरवाट' असे मथळे दिले, कित्येकांनी प्रश्नचिन्ह लावण्याचे कष्टही घेतले नाहीत. पुढच्या काही आठवड्यांत तो भाग पुन्हा वाचला गेला. त्यात साध्या चुका सापडल्या, त्या दुरुस्त केल्या गेल्या, मुद्दाम ठेवलेली चोरवाट सापडली नाही. दे राटचा निष्कर्ष साधारण असा होता: कुणी असं कोड लिहायचं कंत्राट घेतलंही असेल, पण ते आमच्या झाडापर्यंत, म्हणजे प्रकल्पाच्या मूळ कोडपर्यंत, पोचलेलं दिसत नाही.

आरोपाचा मथळा सहा कॉलमी, तपासाचा निकाल आतल्या पानावर. आपल्याकडच्या घोटाळ्यांच्या बातम्या वाचणाऱ्यांना हे सांगायला नको.

वीजबिल थकलं म्हणून प्रकल्प बंद पडणार होता, हे खरं?

थकलं होतं असं नाही, पुढचं भरायला पैसे नव्हते. जानेवारी २०१४ च्या सुमारास प्रकल्पाने सांगितलं की वर्षाला सुमारे २०,००० कॅनेडियन डॉलरचं वीजबिल येतं, त्याची सोय झाली नाही तर दिवे मालवावे लागतील. ऐकणाऱ्याला नवल वाटलं, कारण सर्व्हरांचा मोठा भाग चक्क दे राटच्या घराच्या तळघरात होता.

लगेच सल्ले सुरू झाले. जुनीपुराणी मशीनं बंद करा, सगळं एका नव्या मशीनवर बनवा, व्हॅक्स आजही कोण वापरतं? मंडळींचं उत्तर ऐकण्यासारखं होतं. ते प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठीचं कोड त्याच प्रोसेसरवर बनवतात. इंटेलवर वर्षानुवर्षं गुपचूप चालणारी चूक स्पार्क प्रोसेसरवर आपटते, कारण तिथे आकड्यांतल्या बाइटचा क्रम उलटा असतो आणि वाकड्या पत्त्यावरून वाचलेलं खपत नाही. म्हणजे ती जुनी धुडं अडगळ नसून चुका पकडायचे सापळे होते. (व्हॅक्सचा आधार शेवटी २०१६ मध्ये थांबवलाच.)

पैसे आले. सगळ्यात गाजलेली देणगी रुमानियातल्या एका बिटकॉइन उद्योजकाची, २०,००० डॉलरची. पेपरांना ती बिटकॉइनमुळे आवडली. लहान लहान देणग्या देणाऱ्या शेकडो लोकांची बातमी कोण कशाला करेल?

मायक्रोसॉफ्टने त्यांना विकत घेतलं का?

नाही. जुलै २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्ट ओपनबीएसडी फाउंडेशनची मोठी देणगीदार झाली, कारण त्यांना विंडोजमध्ये ओपनएसएसएच आणायचा होता. गूगल आणि फेसबुकही देणगीदारांच्या यादीत राहिले आहेत. हे फाउंडेशन कॅनडातली ना-नफा संस्था आहे, २००७ मधली. देणगीदाराला कोडमध्ये मत मिळत नाही.

हार्टब्लीडच्या वेळचं ते विचित्र वेबपेज आठवतंय. ते कुणाचं?

त्यांचंच. ७ एप्रिल २०१४ रोजी वेबवरची वाहतूक सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल लायब्ररीतली हार्टब्लीड त्रुटी जाहीर झाली आणि निम्म्या इंटरनेटची झोप उडाली. ओपनबीएसडीवाल्यांना चुकीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा राग आला. सिस्टीमच्या मेमरी वाटपात त्यांनी वर्षानुवर्षं खपून सुरक्षेचे अडसर बसवले होते, आणि ओपनएसएसएल वेगासाठी स्वतःचं वेगळं मेमरी वाटप वापरून त्या सगळ्यांना वळसा घालत होतं. ओपनएसएसएल जबाबदार लोकांनी बनवलेलं नाही, हे दे राटचं वाक्य तेव्हा सगळीकडे छापून आलं.

मग त्यांनी कोड घेऊन साफसफाई सुरू केली. पहिल्या आठवड्यात सी भाषेच्या सुमारे ९०,००० ओळी उडवल्या. नाव लिबरएसएसएल. त्याचं वेबपेज कॉमिक सॅन्स अक्षरांत होतं, मजकूर लुकलुकत होता, आणि खाली लिहिलं होतं की वेबवरच्या फॅशनेबल मंडळींना चिडवण्यासाठीच हे शास्त्रशुद्ध रीतीने बनवलंय. काही बातम्यांत या अक्षरांवर जितका मजकूर खर्च झाला तितका कोडवर झाला नाही. चिडवण्याचा हेतू सफल म्हणायचा. पण मॅकवर आज लिबरएसएसएल असतं आणि लिनक्सच्या दुनियेने ओपनएसएसएलच ठेवलं, तेही नंतर पैसा आणि माणसं मिळून बरंच सुधारलं. शेवटी कोण जिंकलं, असा मथळा देता येत नाही, म्हणून पुढची बातमी फारशी आलीच नाही.

थिओ दे राट खरोखर इतका भांडकुदळ आहे का?

फटकळ आहे, यात वाद नाही. २००५ मध्ये 'फोर्ब्स'ला त्याने सांगितलं की लिनक्स भयंकर आहे, सगळे वापरतात पण ते किती वाईट आहे हे त्यांना कळत नाही. २००८ मध्ये लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने परतफेड केली. ओपनबीएसडीवाल्यांना माकडांची उपमा देणारं ते वाक्य इथे पूर्ण छापण्याजोगं नाही. दोन फटकळ माणसांची जुगलबंदी म्हणून ते गाजलं. लिनसचा मुद्दा मात्र विचार करण्याजोगा होता: सुरक्षेच्या चुकांना डोक्यावर घेऊन नाचायचं आणि साध्या चुकांना किंमत द्यायची नाही, हे बरं नव्हे. विनोद असा की ओपनबीएसडीची मूळ भूमिका हीच आहे. चूक ती चूक, ती दुरुस्त करा, तिचा गैरवापर होतो की नाही हे नंतर बघू. दोघं एकच बोलत होते आणि भांडत होते.

त्याच माणसाला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००४ सालचा पुरस्कार दिला, हे अशा बातम्यांत सहसा नसतं. आणि जून २००७ मध्ये त्याने इंटेल कोअर २ च्या प्रोसेसरमधल्या चुकांची यादी समोर ठेवून बजावलं होतं की यांतल्या काही नक्कीच हल्ल्यासाठी वापरता येतील. तेव्हा लोकांना तो आरडाओरडा वाटला. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी जाहीर झाल्यावर अनेकांनी तो जुना मजकूर पुन्हा शोधून काढला.

ते गुप्ततेचा करार मोडून आधीच दुरुस्ती करतात असं म्हणतात.

दोन प्रसंग आहेत, आणि दोन्ही वेगळे.

वायफायमधली क्रॅक त्रुटी शोधणाऱ्या माथी व्हानहूफने जुलै २०१७ मध्ये त्यांना कळवलं. जाहीर करायची तारीख पुढे पुढे जात १६ ऑक्टोबर झाली. ओपनबीएसडीने ऑगस्टअखेर, फारसा गाजावाजा न करता, दुरुस्ती टाकली. त्यांचं म्हणणं, परवानगी घेतली होती. व्हानहूफचंही म्हणणं की हो, दिली होती, पण आता पश्चात्ताप होतो. यापुढे ओपनबीएसडीला उशिरा कळवीन. दुरुस्ती आधी करण्यात धोका असा की हुशार माणूस बदल वाचून मूळ चूक ओळखतो. दुरुस्ती थांबवण्यात धोका असा की ज्यांना आधीच कळलंय त्यांना मोकळं रान मिळतं. मला विचाराल तर तीन महिने जगाला उघड्यावर ठेवणं जास्त वाईट.

दुसऱ्या प्रसंगात करारच नव्हता. २०१८ मध्ये इंटेलच्या नव्या त्रुटींबद्दल ओपनबीएसडीला कुणी काही सांगितलं नव्हतं. कानावर आलेल्या कुजबुजीवरून आणि तर्काने दे राटने जूनमध्ये ओटावाच्या बीएसडीकॅन परिषदेत एक त्रुटी कुठे असू शकेल ते बोलून दाखवलं. त्याच घराण्यातल्या फ्रीबीएसडीच्या कॉलिन पर्सिव्हलने त्यावरून पाचेक तासांत चालतं कोड लिहिलं. इंटेलला १३ जूनला घाईने जाहीर करावं लागलं. त्याच महिन्यात ओपनबीएसडीने इंटेलचं हायपरथ्रेडिंग (एकाच कोअरवर एका वेळी दोन कामं चालवण्याची सोय) मुळातूनच बंद ठेवायला सुरुवात केली. 'अतिरेक' म्हणून हसलेल्यांचं हसू ऑगस्टमध्ये फोरशॅडो ही इंटेलची आणखी एक त्रुटी आल्यावर मावळलं.

२०२४ मध्ये ओपनएसएसएचमध्ये चोरवाट सापडली होती ना?

ओपनएसएसएचमध्ये नाही. मार्च २०२४ मधली चोरवाट एक्सझेड नावाच्या फाइली आवळणाऱ्या लायब्ररीत होती. काही लिनक्स वितरणं ओपनएसएसएचला स्वतःची ठिगळं लावतात, त्यामुळे ती लायब्ररी त्याच्या शेजारी येऊन बसते. मूळ कोड तिला हातही लावत नाही. लॉगइनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून आंद्रेस फ्रॉइंड हा प्रोग्रामर खोलात शिरला आणि प्रकरण उघडं पडलं.

१ जुलै २०२४ ला मात्र खरी चूक आली. २००६ मध्ये बुजवलेली एक त्रुटी ऑक्टोबर २०२० मधल्या बदलात नकळत पुन्हा उघडली गेली होती. क्वालिसने ३२ बिटच्या लिनक्सवर सरासरी सहा ते आठ तास खटपट करून रूट मिळवून दाखवला. दोष लिनक्सची सी लायब्ररी आणि इतर सिस्टीमसाठीचं ओपनएसएसएच यांच्या सांध्यात होता. खुद्द ओपनबीएसडीला काही झालं नाही, कारण त्या जागी वापरायचं सुरक्षित फंक्शन त्यांनी २००१ मध्येच लिहून ठेवलं होतं.

त्यांचा स्वतःचा सर्व्हर कधी फुटला आहे?

हो. २००२ च्या जुलैअखेर त्यांच्या डाउनलोड सर्व्हरवर ओपनएसएसएचच्या फाइलीत कुणीतरी विष कालवलं. चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा आकडा) जुळत नाही हे लक्षात आल्यावर एक-दोन दिवसांत पकडलं गेलं. तो सर्व्हर विद्यापीठात होता आणि त्यावर सोलारिस ही दुसरीच युनिक्स चालत होती. बातमीत हे तिसऱ्या परिच्छेदात होतं. २०१४ पासून प्रत्येक आवृत्ती सहीसकट येते.

मग त्यांचं कुठलं काम बातमीत यायला हवं होतं आणि आलं नाही?

कोड वाचत बसणं. १९९६ पासून सहा ते बारा जणांचा गट एकेक फाइल वाचत आला आहे. एक चूक सापडली की तशीच चूक आणखी कुठे आहे का, म्हणून सगळं झाड धुंडाळायचं. भोकं शोधायची नसून चुकांच्या जाती शोधायच्या, ही त्यांची रीत. याचा फोटो काढता येत नाही.

एक उदाहरण देतो. सी भाषेत मजकूर कॉपी करताना जागा पुरली नाही तर अनर्थ होतो. १९९८ च्या सुमारास टॉड मिलर आणि दे राटने यासाठी एसटीआरएलसीपीवाय आणि एसटीआरएलकॅट ही दोन छोटी फंक्शनं लिहिली. लिनक्सच्या ग्लिबसी या सी लायब्ररीने ती घ्यायला वर्षानुवर्षं नकार दिला, त्यावर चेष्टाही झाली. ऑगस्ट २०२३ मधल्या २.३८ आवृत्तीत ती निमूटपणे दाखल झाली. पाव शतक. मी एकाही वर्तमानपत्रात याची ओळ वाचली नाही.

आणि हॅकथॉन. आज आपल्याकडे कॉलेजपासून मंत्रालयापर्यंत कुणीही भरवतं, टी-शर्ट वाटतं. ४ जून १९९९ रोजी कॅलगरीत ओपनबीएसडीचे दहा डेव्हलपर अमेरिकी कायद्याच्या बाहेर बसून गुप्तलेखनाचं कोड लिहायला जमले, त्या बैठकीला हे नाव दिलं गेलं. तिथे बक्षीस नव्हतं आणि परीक्षकही नव्हते.

'जगातली सर्वात सुरक्षित ऑपरेटिंग सिस्टीम' असं लिहिलेलं दिसलं तर?

पान उलटा. असं मोजायची फूटपट्टी कुणाकडे नाही. बातमीत खरं काही आहे का हे बघायचं तर ओपनबीएसडीच्या साइटवर प्रत्येक आवृत्तीच्या दुरुस्त्यांची यादी असते, तारखेसकट. तिथे नोंद आहे का, ती कुठल्या भागाची, तो भाग तुमच्याकडे चालू आहे का, एवढं पाहायला पाच मिनिटं लागतात. बातमी वाचायला दहा लागली असतील.

मी माझ्या लॅपटॉपवर टाकून बघू का?

जुना थिंकपॅड असेल तर जरूर. बसवताना काळ्या पडद्यावर साधे प्रश्न येतात, बहुतेकांना नुसतं एंटर चालतं. फायरफॉक्स, लिबरऑफिस मिळतं. मॅन्युअल मात्र खरंच वाचावं लागेल, आणि ते वाचण्याजोगं आहे. ब्लूटूथचे हेडफोन चालणार नाहीत. तो भाग नीट लिहिलेला नव्हता, म्हणून २०१४ मध्ये त्यांनी काढूनच टाकला, आणि त्याचीही बातमी झाली नव्हती.